बीम दहा मारायचेत ना? मग आधी नीट लटकायला शिका

सकाळी सहाला ग्राउंडवर गेलो की रोज हेच दिसतं. पोरगं धावत येतं, उडी मारून बार धरतं, गुडघे पोटाशी घेऊन झटका देतं, मान पुढं काढून कशीतरी हनुवटी बारपर्यंत नेतं आणि धाडकन खाली, तेही पूर्ण खाली नाहीच, अर्ध्यातनंच परत झटका. बाजूला उभा असलेला दोस्त मोजतो, "सात!" मी मोजले तर दोन भरतात. आणि हाच पोरगा सहा महिने झाले सातवरच अडकलाय, रोज बारला लटकतोय तरी.

आर्मी भरतीत बीमचे, म्हणजे पुलअप्सचे, मार्क कसे आहेत बघा: ६ ला १६, ७ ला २१, ८ ला २७, ९ ला ३३ आणि १० ला पूर्ण ४०. म्हणजे शेवटच्या चार बीमला २४ मार्क. आणि मोजणारा तुमचा दोस्त नसतो. हात सरळ झाला नाही किंवा हनुवटी वर गेली नाही तर आकडा पुढं सरकत नाही, तुमची ताकद मात्र खर्च झालेली असते.

खाली जे लिहिलंय ते भरतीवाल्यांसाठी आहे, पण जिममध्ये पुलअप्स काढणाऱ्या कुणालाही, पोरींनाही, हाच क्रम लागू आहे. क्रम मोडू नका एवढंच कळकळीनं सांगतो, कारण बहुतेकांचं तिथंच चुकतं, सगळे सहाव्या पायरीवरनं सुरुवात करतात.

## सुरू करण्याआधी: आपण कुठं आहोत ते बघा

मोबाईल बाजूनं लावा, समोरनं नाही. बाजूनं लावला की कमरेची कमान, पायाचा झटका, मान सगळं दिसतं. मग या तीन गोष्टी करा, मध्ये पाच-पाच मिनिटं आराम घेऊन.

बारला सरळ हातानं शांत लटकायचं, किती सेकंद होतात ते बघायचं. मग स्टुलावरनं हनुवटी बारच्या वर नेऊन पाय सोडायचे आणि जमेल तितकं सावकाश खाली यायचं, किती सेकंद लागले ते मोजायचं. मग एकही झटका न देता, पूर्ण हात सरळ करून, किती पुलअप्स होतात ते बघायचं.

लटकणं ३० सेकंदांच्या आत असेल तर पायरी २ पासून सुरू करा, बाकी काही असो. लटकणं जमतंय पण खाली येताना पाच सेकंदही टिकत नाही, तर पायरी ३ आणि ४ तुमच्यासाठी. दोन-तीन स्वच्छ निघतायत तर पायरी ३ दोन आठवडे करून मग ६ ला या. पायरी ३ कुणीच सोडायची नाही, दहा मारणाऱ्यानंसुद्धा.

## पायरी १: बार आणि हात

गावाकडं बऱ्याच ठिकाणी दोन खांब रोवून जीआय पाइप टाकलेला असतो. तो पाइप घेताना एक घोळ होतो. दुकानात "दीड इंची द्या, मजबूत पाहिजे" म्हणतात आणि तो बाहेरनं ४८ मिमीच्या आसपास भरतो, मुठीत मावत नाही, बोटं सुटतात आणि पोरांना वाटतं आपल्या हातात दम नाही. एक इंची पाइप घ्या, तो बाहेरनं साधारण ३४ मिमी भरतो, चालतो. बी क्लास म्हणजे निळ्या पट्ट्याचा बरा, सी क्लास म्हणजे लाल पट्ट्याचा अजून जाड पत्र्याचा, तो घेतला तर उत्तमच. दोन खांबांत चार फुटांपेक्षा जास्त अंतर ठेवू नका, मध्ये वाकतो. घरात दाराच्या चौकटीत बसवायचा बार असेल तर चौकट लाकडी आहे की नुसतं प्लायचं कव्हर आहे ते आधी ठोकून बघा आणि पहिल्यांदा पाय जमिनीला ठेवूनच वजन टाका.

आता पकड. बार तळहाताच्या मधोमध धरला की लटकल्यावर कातडी खाली सरकते, बोटांच्या मुळाशी घडी पडते, आणि ती घडीच सोलून निघते. म्हणून बार बोटांच्या मुळाशी ठेवायचा, बोटं वळवायची आणि अंगठा खालनं फिरवून बोटांवर आणायचा. अंगठा वर ठेवून लटकणारे खूप आहेत, पण घामेजल्या हाताला उंच बारवर अंगठाच वाचवतो.

तळवे समोर, म्हणजे तुमच्यापासून दूर. हात खांद्यापेक्षा चार बोटं रुंद. फार रुंद धरला की पाठ जास्त बनते असं जिममध्ये सांगतात आणि पोरं पार टोकाला हात नेतात, त्यानं खांद्यावर ताण येतो आणि आकडा कमी होतो, मिळत काहीच नाही.

तपासा: अर्ध्या उंचीवर असताना समोरनं फोटो काढा. मनगट ते कोपर हा भाग जवळजवळ सरळ उभा दिसला पाहिजे. कोपरं बाहेर फाकलेली दिसली तर हात जवळ घ्या.

घट्टे पडणारच. ते वाढू देऊ नका, वाढलेला घट्टाच अडकून फाटतो. आंघोळीच्या वेळी हात मऊ झाले की वज्रीनं हलक्या हातानं घासा, रात्री थोडं खोबरेल लावा. सकाळी प्रॅक्टिसच्या आधी तेल नको. हात ओले होत असतील तर कोरडी माती चोळा, जिममध्ये असाल तर चॉक.

## पायरी २: लटकणं

यात शिकण्यासारखं काय आहे असं वाटतं. भरपूर आहे.

स्टुलावरनं किंवा हलकी उडी मारून बार धरा. हात पूर्ण सरळ. पाय जुळवलेले, गुडघे सरळ, आणि पाय शरीराच्या किंचित पुढं, म्हणजे खाली बघितलं तर पायाची बोटं दिसली पाहिजेत. पोट आत नाही, पोट घट्ट, खोकताना जसं होतं तसं. कुल्ले आवळलेले. बरगड्या बाहेर येऊ द्यायच्या नाहीत. एवढं केलं की शरीर हलायचंच थांबतं, एक काठी लटकवल्यासारखं होतं. पाय मागं मुडपून घोटे एकमेकांत अडकवले की कमरेत कमान येते, पोट सैल पडतं आणि मग झोका सुरू होतो.

तीन वेळा लटकायचं, दर वेळी सुटायच्या पाच सेकंद आधी उतरायचं. आठवड्यातनं चार दिवस. ४० सेकंद आरामात झाले की पुढं.

थांबा: लटकल्यावर खांद्याच्या पुढच्या बाजूला किंवा आत खोलवर टोचल्यासारखं दुखत असेल, हाताला मुंग्या येत असतील, किंवा पूर्वी कधी खांदा निसटला असेल, तर इथनं पुढं जाऊ नका, ऑर्थोपेडिक डॉक्टर किंवा फिजिओला दाखवा. ओढ बसणं वेगळं आणि टोचणं वेगळं.

## पायरी ३: खवाटे. सगळं अडतं ते इथंच

हा भाग दोनदा वाचा.

पुलअप हाताच्या दंडानं सुरू होत नाही. पाठीचे जे मोठे स्नायू आहेत, जिममध्ये ज्यांना लॅट्स म्हणतात, ते खाली कमरेपासनं निघून वर दंडाच्या हाडाला, काखेजवळ लागतात. केवढा मोठा स्नायू आहे तो. दंडाचा बायसेप त्याच्यापुढं काहीच नाही. पण आधी कोपर वाकवलं की भार बायसेपवर येतो, तो चार-पाच बीममध्ये थकतो, आणि पाठ तशीच ताजी राहते. सातवर अडकलेल्या पोरांचं नव्वद टक्के वेळा हेच असतं, पाठ अजून कामालाच लागलेली नसते.

करायचं काय, तर सरळ हातानं लटका. कोपर अजिबात न वाकवता फक्त खवाटे, म्हणजे खांद्यामागची पाठीवरची पसरट हाडं, खाली आणि जरा मागं ओढा. कान आणि खांदा यांच्यातलं अंतर वाढेल, शरीर दोन-तीन इंच वर उचललं जाईल, छाती थोडी पुढं येईल. एक सेकंद थांबा. हळू सोडा. एवढाच व्यायाम आहे. आठ वेळा, तीन सेट.

पहिल्या दिवशी कुणालाच कळत नाही. आमच्याकडं एक पोरगा होता, अंगानं चांगला दणकट, शेतात काम करणारा, त्याला दहा वेळा सांगून कळेना, दर वेळी कोपर वाकवायचा. शेवटी तो लटकलेला असताना मी मागनं दोन्ही खवाट्यांच्या खालच्या टोकाला बोटं लावली आणि म्हटलं, माझी बोटं खाली ढकल, बाकी काही करू नकोस. पहिल्या वेळी काहीच झालं नाही. दुसऱ्या वेळी उजवा खवाटा सरकला, डावा नाही. चौथ्या-पाचव्या वेळी दोन्ही बाजू बोटाखालनं निसटून खाली गेल्या आणि तो वरनंच म्हणाला, "हां, हां, कळलं." त्या दिवसापासनं त्याच्या बीमचा आवाज बदलला, आधी बार खडखड वाजायचा, आता वाजत नाही. तुम्हीपण दोस्ताला बोटं लावायला सांगा, शंभर व्हिडिओ बघण्यापेक्षा लवकर कळेल.

दुसरी खूण ज्यांनी विहिरीवर रहाटाचा दोर ओढलाय त्यांच्यासाठी. भरलेली कळशी वर घेताना तुम्ही दोर हातानं वाकवून नाही ओढत, कोपर खाली कमरेकडं आणता आणि अंगाचा भार त्यामागं असतो. पुलअपमध्ये तेच. स्वतःला वर न्यायचंय असा विचार करू नका, दोन्ही कोपरं कमरेकडं खाली आणायचीयत असा विचार करा.

तपासा: व्हिडिओत कोपर वाकलं का? वाकलं असेल तर तो मोजायचा नाही. पाय हलले का? तोही नाही.

## पायरी ४: आडवं ओढणं

कमरेएवढ्या उंचीचा बार लागतो. बागेतल्या ओपन जिममध्ये किंवा ग्राउंडवर डबल बार असतोच, त्याच्याखाली आडवं व्हायचं, टाचा जमिनीवर, अंग टाचेपासनं मानेपर्यंत सरळ, आणि छाती बारपर्यंत ओढायची. इथंपण आधी खवाटे, मग कोपर. १० चे तीन सेट निघाले की पाय थोडे अजून पुढं घ्या म्हणजे अंग आणखी आडवं होईल.

कुल्ले खाली लोंबू देऊ नका. बाकी यात फारसं काही चुकत नाही.

## पायरी ५: सावकाश खाली येणं

माणूस जेवढं वजन वर ओढू शकतो त्यापेक्षा जास्त वजन रोखत रोखत खाली आणू शकतो. म्हणून ज्याचा एकही निघत नाही त्यानं उतरण्यावर काम करायचं. जिममध्ये याला निगेटिव्ह म्हणतात.

स्टूल ठेवा. स्टुलावरनं हनुवटी बारच्या वर न्या, खवाटे खाली दाबलेले, छाती बारकडं. मग पाय उचला आणि पाच सेकंदांत खाली या. पाच म्हणजे घड्याळातले पाच, "एकदोनतीनचारपाच" नव्हे. दोस्ताला मोजायला लावा. अगदी खाली हात सरळ होईपर्यंत वेग तोच पाहिजे. मग स्टुलावर पाय ठेवून परत वर जा, ओढत जायचं नाही.

तीन वेळा, तीन सेट, आठवड्यातनं फक्त दोन दिवस.

कुठं सुटतं त्याच्यावर लक्ष द्या. वरच सुटत असेल तर तिथं हनुवटी वर ठेवून १० सेकंद थांबायचा सराव जोडा. मध्ये, कोपर काटकोनात असताना सुटत असेल तर तिथं थांबा. शेवटच्या टप्प्यात धपकन पडत असाल तर पायरी ३ कच्ची राहिलीय, परत जा.

रबरी बँड वापरतात बरेच जण. वाईट नाही, पण बँड सगळ्यात जास्त ताणलेला असतो तळाला, म्हणजे मदतही तिथंच सगळ्यात जास्त करतो, आणि आपली पोरं कच्ची असतात ती नेमकी तळालाच. बँडवर आठ आणि बँडशिवाय शून्य, असे कितीतरी बघितलेत. त्यापेक्षा पुढं खुर्ची ठेवून एका पायाचा अंगठा टेकवा, लागेल तेवढीच मदत घेता येते.

थांबा: निगेटिव्हनं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग ठणकतं, ते ठीक. पण हात सुजून सरळच होत नाहीत आणि लघवी काळपट, कोकसारखी झाली, तर घरी बसून राहू नका, त्याच दिवशी दवाखान्यात जा. एकदम पन्नास-शंभर निगेटिव्ह मारल्यानं स्नायू तुटून किडनीवर ताण येऊ शकतो. पैजा लावून हे करू नका.

## पायरी ६: पहिला स्वच्छ बीम

आठ सेकंदांचे तीन निगेटिव्ह लागोपाठ निघाले की बहुतेकांचा पहिला निघतो. क्रम असा:

१. बार धरा, लटका, झोका पूर्ण थांबू द्या.
२. श्वास घ्या, पोट घट्ट, पाय जुळलेले.
३. खवाटे खाली. हात अजून सरळच.
४. आता कोपरं कमरेकडं. श्वास सोडत वर.
५. नजर बारच्या जरा वर, मान लांबवायची नाही. छातीच बारकडं न्यायचीय असं धरून चाला, हनुवटी आपोआप वर जाते.
६. हनुवटी बारच्या स्पष्ट वर गेली की क्षणभर थांबा.
७. दोन सेकंदांत खाली, हात सरळ होईपर्यंत. श्वास घ्या. परत ३ पासनं.

तीन आणि चार वेगळे वेगळे करायचे, सुरुवातीला मुद्दाम मध्ये थांबून. महिनाभरात ते एकत्र मिसळतात, बघणाऱ्याला कळतही नाही, पण क्रम तोच राहतो.

इथं होणाऱ्या चुका, ज्या मला सगळ्यात जास्त दिसतात. खाली आल्यावर कोपर थोडं वाकलेलंच ठेवायचं, कारण पूर्ण सरळ केलं की परत उचलायला जड जातं. ते जड जाणं हाच तर व्यायाम आहे, आणि भरतीत असा अर्धा बीम मोजलाही जात नाही. दुसरी, वर जाताना खांदे पुढं गोल होणं, म्हणजे छाती आत आणि कोपरं मागं, तेव्हा समजायचं की पाठ संपली आणि आता हातानं रेटतोय. तिथंच सेट थांबवा. तिसरी, एका बाजूनं आधी वर जाणं. व्हिडिओ मागनं काढा, कळेल. कमकुवत बाजूचं वेगळं काही करायचं नाही, फक्त जोरकस बाजूनं घाई करायची नाही.

## पायरी ७: तीनाचे दहा

रोज जाऊन जीव जाईपर्यंत मारायचं, ही सवय सोडा. शेवटचे दोन वाकडेतिकडे बीम रोज मारले की शरीर ते वाकडेतिकडेच शिकतं.

तुमचे जास्तीत जास्त स्वच्छ सहा निघत असतील तर सेट तीनचा मारा. सकाळी तीन, थोड्या वेळानं तीन, असे पाच-सहा सेट, मध्ये दोन ते तीन मिनिटं आराम. घराजवळ बार असेल तर दिवसभरात वाटून मारा, कॉलेजला जाताना तीन, आल्यावर तीन. कुठलाच सेट दमवणारा नको. आठवड्यातनं चार दिवस हे, एक दिवस निगेटिव्ह, दोन दिवस बारला हात नाही.

दर दोन आठवड्यांनी एकदाच जास्तीत जास्त किती निघतात ते बघा, तेही ताजे असताना, आणि व्हिडिओ काढून. वाकडा आला की तिथंच मोजणी बंद. आकडा वाढला तर सेट एकानं वाढवा. नाही वाढला तर सेट तोच ठेवून उतरण्याचा वेग कमी करा, तीन सेकंद.

वजनाचं पण बोलायला पाहिजे. दोन किलो पोटाचं वजन कमी झालं तर एखाद-दुसरा बीम तसाच वाढतो. पण उपाशी राहून नाही, पळणंही चालू असतं तुमचं. डाळ, अंडी, शेंगदाणे, दूध, भाकरी पोटभर खा, वडापाव आणि कोल्ड्रिंक बंद करा, बास.

थांबा: कोपराच्या आतल्या बाजूच्या हाडाजवळ दुखायला लागलं, बादली उचलताना किंवा हात मिळवताना कळ आली, तर तो स्नायूबंध दुखावलाय. स्नायू लवकर तयार होतात, स्नायूबंधाला जास्त वेळ लागतो. मी स्वतः याकडं दुर्लक्ष केलं होतं, कोपराला पट्टा बांधून रोज मारत राहिलो, आणि मग तीन महिने बार धरता आला नाही. तेव्हा दुखल्या दुखल्या एक आठवडा ओढणं पूर्ण बंद करा, मग फक्त लटकणं आणि खवाटे, मग अर्धे सेट. दोन-तीन आठवड्यांत कमी झालं नाही तर फिजिओकडं जा.

## पायरी ८: पळून आल्यावर

ग्राउंडवर ताजेतवाने असताना दहा मारणारा भरतीत सहावर का थांबतो? कारण तिथं आधी १६०० मीटर जीव खाऊन पळवतात, ६० मार्क त्याचे असतात, आणि मग बीम. छाती भात्यासारखी चालू असते, हात थरथरत असतात, श्वास धरता येत नाही म्हणून पोट सैल पडतं, पोट सैल पडलं की झोका.

म्हणून भरतीच्या दोन महिने आधीपासनं आठवड्यातनं एकदा, फक्त एकदाच, १६०० पूर्ण वेगानं पळा, आठ-दहा मिनिटं चाला, मग एकच सेट मारा. ताजे असताना बारा-तेरा निघत असतील तरच इथं दहा निघतील, हा हिशोब आधीच धरून ठेवा. श्वास बदलायचा इथं: दम लागलेला असतो म्हणून खाली सरळ हातानं लटकताना एक पूर्ण श्वास घेऊन मग पुढचा बीम. घाईत लागोपाठ मारून सातला संपण्यापेक्षा असे दहा होतात.

भरतीच्या आदल्या दोन दिवसांत बारला हात लावू नका. त्या दिवशी बार उंच असतो, पहाटेच्या दवानं ओलाही असू शकतो, तेव्हा हात शर्टला नाही तर कोरड्या मातीला पुसा, शर्ट घामानं भिजलेला असतो. आणि दहावा झाला की वरनंच हात सोडून उडी मारू नका. पूर्ण खाली या, झोका थांबवा, गुडघे सैल ठेवून दोन्ही पायांवर उतरा. नऊ फुटांचा खड्डा उडी मारून पार करणं आणि झिगझॅग बॅलन्स, म्हणजे वळणावळणाच्या अरुंद पट्टीवरनं तोल सांभाळत चालणं, अजून बाकी असतं, आणि घोटा मुरगळला तर तिथं दुसरी संधी मागता येत नाही.